कानातला सूर

ती रेषा आजही तिथेच उभी होती. काचेपलीकडच्या पडद्यावर बाकी सगळं कापलेल्या गवतासारखं बुटकं, खरबरीत, आणि डावीकडे तेवढी एक काडी ताठ. तिने उजव्या कानातला मायक्रोफोन काढून हातात धरला. काडी गेली. परत कानात बसवला, खांदे सैल सोडले, श्वास सावकाश केला आणि वाट पाहिली. गवत हळूहळू खाली बसत गेलं आणि त्यातून काडी वर आली, बोलावणं नसताना येऊन खुर्ची अडवून बसलेल्या पाहुण्यासारखी निवांत. काचेपलीकडून तिच्या जोडीदाराने, काट्याने, भुवया उडवल्या. तिने कपाळावर हात मारला. खरं तर एवढंच घडलं होतं: एका यंत्राच्या पडद्यावर नको असलेली एक रेषा. जगात कुणाचं काही अडलं नव्हतं. पण गेला आठवडाभर ती रेषा तिच्याबरोबर घरी येत होती, जेवायला बसत होती, आणि डोळे मिटले की पापणीच्या आतल्या बाजूला उभी राहत होती.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने एक नवं खूळ काढलं होतं. प्रत्येकाने आपला विषय सोडून दुसऱ्याच्या अंगणात जायचं, तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली सहामाहीभर काही तरी शोधायचं, आणि जोडीदारही तिसऱ्याच विषयातला घ्यायचा. गणितातली तिची मैत्रीण जुन्या नकाशांच्या तळघरात गेली. अर्थशास्त्राचा एक मुलगा मुंग्यांच्या मागे लागला आणि भेटेल त्याला मुंग्यांचंच सांगू लागला. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या हिच्या वाट्याला कान आला. जोडीला संगीत विभागातला, व्हायोलिन वाजवणारा एक उंच, हडकुळा मुलगा. रस्त्यावरच्या हॉर्नचाही स्वर सांगायची त्याला खोड होती, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव नादकाटा पडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा काटा झाला. या दोघांच्या वरच्या बाई वयाने तिच्या आईएवढ्या. होत्या कानाच्या डॉक्टर, पण कैक वर्षांपूर्वी रोगी सोडून त्यांनी नुसता कानच धरला होता, असं त्या स्वतःच म्हणायच्या. चष्मा केसांत खोचलेला, आणि तो शोधत टेबलभर फिरणारे हात. हिला त्या ‘फिजिक्स’ म्हणून हाक मारत. प्रश्न विचारला की उत्तराऐवजी दुसरा प्रश्न द्यायचा, ही त्यांची जुनी सवय. रेषेबद्दलही तेच झालं. “बाई, इथे एक फालतू सिग्नल येतोय,” ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. बाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर ओढून पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “फालतू कशावरून?” आणि मग, “कुठून येतोय ते शोध. सापडला की सांग.”

मग ती हात धुऊन त्या रेषेच्या मागे लागली. काम साधं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. बाईंच्या त्या आतल्या खोलीत, जिथे भिंतींवर स्पंजाचे मोठमोठे दात बसवलेले होते आणि दार तिजोरीसारखं जाड होतं, तिथे कानात एक बारकासा मायक्रोफोन ठेवून आतली शांतता किती खोल आहे ते मोजायचं. पुढचे सगळे प्रयोग त्या शांततेवर उभे राहायचे होते, म्हणून ती स्वच्छ हवी. आणि स्वच्छ कापडावर हा डाग. तिने वायर बदलली. मायक्रोफोन बदलला. काट्याने मानेवरच्या शिरा ताणून दाराच्या फटीत नवं रबर बसवलं. कानाऐवजी धातूच्या नळीत मायक्रोफोन ठेवला तर रेषा यायची नाही. काट्याच्या कानात ठेवला, तरी नाही. तिच्याच कानात येते, म्हणजे तिचं अंग अँटेनासारखं कुठल्या तरी विजेची घरघर पकडतंय, असा तर्क तिने लढवला, आणि त्या तर्कावर ती मनातून खूश होती, कारण तो तिच्या विषयातला होता. मनगटाला तार बांधून तिने स्वतःला जमिनीशी जोडून घेतलं. काटा म्हणाला, “आता तुला फक्त प्लगला लावायचं राहिलंय.” रेषा हलली नाही. या शोधात त्या खोलीत बसून बसून तिला भलतेच आवाज ऐकू यायला लागले होते. पापण्या मिटल्याचा आवाज. आवंढा म्हणजे तर दगड विहिरीत पडावा तसा. आणि या सगळ्याच्या तळाशी एक सतत सुस्कारा, जो तिचंच रक्त होतं असं बाई सांगायच्या. पहिल्या दिवशी ती घाबरून बाहेर आली होती. आता ती आत गेली की अंगावरून एकेक आवाज शालीसारखा उतरवून ठेवल्यागत वाटायचं, आणि शेवटी जे उरायचं त्यात बसून ती काचेतून पडद्याकडे पाहायची. आणि पडद्यावर ती काडी.

त्या दिवशी तिने शेवटचा उपाय केला. बाईंची परवानगी काढून मजल्यावरची सगळी वीज बंद करवली. दिवे गेले, पंखे थांबले, वर कुठे तरी गुरगुरणारं हवेचं यंत्र गप्प झालं. बॅटरीवरचं यंत्र तेवढं चालू, आणि काट्याच्या हातात टॉर्च. ती आत जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा बाई टेबलापाशी उभ्या होत्या आणि पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. रेषा होती. नेहमीपेक्षा स्पष्ट, टोकदार.

“सगळं बंद केलंस?” बाईंनी विचारलं.

“हो, बाई.”

“सगळं?”

“सगळं. वरचा मजलासुद्धा.”

“तू सोडून,” बाई म्हणाल्या.

तिला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. काट्याने टॉर्चचा झोत तिच्या तोंडावर आणला आणि चटकन खाली केला. मग बाईंनी खुर्ची ओढली आणि एरवी सगळ्या आठवड्यात मिळून बोलत तेवढं त्या एका दमात बोलल्या. कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या त्या हाडात, केसाळ पेशींच्या रांगा असतात. बारीकातला बारीक आवाज सुटू नये म्हणून त्या स्वतः हलतात, ताणतात, आवाजाला धक्का देऊन मोठा करतात. झोपेतही त्यांचं हे चालूच. आणि कधी कधी, कुणाकुणाच्या कानात, त्या इतक्या ताणून ऐकत बसतात की त्या ताणाचाच एक सूर होतो आणि कानाच्या पडद्यावरून उलटा बाहेर येतो. “तुझा कान बोलतोय, फिजिक्स. ज्याच्या कानातून निघतो त्याला तो बहुतेक कधीच ऐकू येत नाही. तुला तरी कसा येणार? तू जन्मल्यापासून तो तिथे असेल.”

“मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू पाठ करून ठेवलं असतंस.” बाईंनी चष्मा केसांत सारला. “ज्याने पहिल्यांदा हे मोजलं असेल, त्यानेही आधी वायरच बदलली असेल.”

काट्याला दम निघेना. त्याने यंत्राचा आवाज वाढवता येईल तेवढा वाढवला, हेडफोन कानाला लावले आणि तिला परत आत पिटाळलं. काचेतून ती त्याच्याकडे पाहत होती. त्याचा चेहरा आधी ताणलेला, मग एकाएकी सैल, लहान पोराला झोपेतून उठवून समुद्र दाखवावा तसा. ती बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, “गंधाराच्या जरा खाली. हलत नाही. अगं, माझी तारसुद्धा एवढी स्थिर राहत नाही.” मग नोंदवून ठेवलेला तो आवाज त्याने तिला ऐकवला. यंत्राच्या सरसरीतून येणारी एक बारीक, सरळ शिट्टी. ना कुणाला हाक मारणारी, ना थांबणारी. ती ऐकत उभी राहिली. आपल्याला आपण नखशिखांत ठाऊक आहोत असं ती धरून चालली होती. गुडघ्यावरचा व्रण, डाव्या हाताची वाकडी करंगळी, चिडली की लाल होणारे कान. आणि या कानांतून इतकी वर्षं काही तरी बाहेर जात होतं. परीक्षेच्या खोलीत, दातांच्या डॉक्टरकडे, मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडताना. मैत्रिणीचा कान तिच्या कानापासून वीतभर होता.

त्या संध्याकाळी ती चालत घरी निघाली. बसमध्ये बसवेना. सिग्नलपाशी माणसं गोळा झाली होती. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या अंगठ्याला पट्टी, एका बाईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेलं तान्हं मूल. ती एकेकाच्या कानाकडे पाहत होती. कानाकडे आजवर तिने कधी धड पाहिलंच नव्हतं. किती विचित्र वस्तू, किती घड्या, आणि कुणाचा कुणासारखा नाही. कान म्हणजे आत जायची वाट, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं. चित्रातले बाणसुद्धा सगळे आतच वळलेले. त्या बाणांतला एक बाण उलटा फिरला होता आणि त्याबरोबर सबंध रस्ता उलटा झाल्यासारखा दिसत होता. गाड्यांचा, ब्रेकचा, चपलांचा एवढा मोठा गोंगाट आत ओतला जातो आहे आणि त्याच्या विरुद्ध दिशेने, त्या तान्ह्या मुलाच्या कानातूनही कदाचित, एक तंतू बाहेर येतो आहे. ऐकायला एवढं उतावीळ काही तरी माणसात असतं. माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत अशी तक्रार ती घरीदारी ऐकत आली होती, स्वतःही करत आली होती, आणि इथे प्रत्येकाच्या कवटीत दोन्ही बाजूंना रांगाच्या रांगा जिवाचा कान करून बसल्या होत्या. सिग्नल सुटला. मागून कुणी तरी “चला हो, चला” म्हणालं तेव्हा ती हलली.

पुलावर आली आणि मधोमध थांबली. सगळं बंद करत जाणारं आणखी एक माणूस तिला आठवलं. ती तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. आई मोठ्या तापातून नुकती उठली होती, बसच्या तिकीटखिडकीवर अजून रुजू झाली नव्हती, आणि दुपारची दोघीच घरी. “कसला आवाज येतोय गं?” आईने विचारलं होतं. हिला काही येत नव्हता. आईने फ्रीज बंद केला. ट्यूब बंद केली. नळ पिळून पिळून घट्ट केले. वरच्या शेजारणीकडे जाऊन, तिचं शिवणयंत्र चालू आहे का, म्हणून विचारून आली. हिला तो खेळ वाटत होता. ती आईच्या मागे मागे, भिंतीला कान लावत, गादीखाली डोकावत. शेवटी आई स्टुलावर चढली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. घर एकदम विझलं. आई स्टुलावरच उभी, एक हात भिंतीला टेकलेला. “गेला?” हिने विचारलं. मग तिने स्वतःच्या कानाला हात लावला, तव्याची आच पाहावी तसा अलगद, आणि म्हणाली, “नाही. आहे अजून.” त्यानंतर तिने स्विच वर केला, चहा टाकला. पुढे डॉक्टर झाले, थेंब झाले, गोळ्या झाल्या. सवय होईल, असं एक डॉक्टर म्हणाले. मनाचे खेळ आहेत, असं दुसरे. नकाशे काढणारे बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत असं नाही, पण त्यांचं बोलणं चेष्टेवारी जायचं: “तुझ्या आईचं स्टेशन चालू आहे, जरा थांब.” त्यांच्या मनात काही वाईट नसायचं. आईही हसायची. आणि मग केव्हा तरी तिने तो विषयच मिटवून टाकला. घरात तेवढा रेडिओ सतत हळू आवाजात लावलेला, झोपतानाही, आणि हिला वाटायचं की आईला गाण्यांची आवड आहे.

पुलाच्या कठड्याचं लोखंड हाताला गार लागत होतं. आईचा आवाज खरा आहे, हे तिच्या अंगावर काट्यासारखं उभं राहिलं. खरा, आणि मोजता येईल असा. पडद्यावर दिसेल असा. तिला पळत सुटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. पेन्सिल खाली ठेवली. “आणायचं तर आण आईंना. पण एक ऐक. हा तो नसेल. जो कानातून निघतो तो माणसाला सहसा ऐकू येत नाही, आणि जो माणसाला ऐकू येतो तो सहसा कानातून निघत नाही. दोन वेगळी कुळं आहेत ती.”

“सहसा म्हणालात ना, बाई.”

“म्हणाले,” बाई म्हणाल्या, आणि पेन्सिल पुन्हा उचलली.

आईला राजी करायला त्याहून जास्त कष्ट पडले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “आता काय त्याचं,” म्हणाली. “तो आपला आहे तिथे आहे, मी आहे इथे.” “पण तुला बघायचा नाही का?” “बघायचा? आवाज कुणी बघतं का?” मग हिने आपल्या कानाची गोष्ट सांगितली, रेषा, वायरी, बंद केलेला मजला, सगळं. आईच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीतच राहिला. तिने जवळ येऊन लेकीचं डोकं बाजूला कलतं केलं, केस मागे सारले आणि स्वतःचा कान तिच्या कानाला लावला. दोघी तशाच उभ्या. “मला तर काही येत नाही,” आई म्हणाली. “माझाच एवढा मोठा आहे, त्यात तुझा कसा यायचा?” आणि हसली. पण सुटीच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून ती तयार होती. बाबांनी विचारलं तर म्हणाली, “हिच्या कॉलेजात जाऊन येते.”

आई त्या जाड दाराच्या आत गेली तेव्हा पर्स तिने मांडीवर ठेवली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती, दवाखान्यात नंबर येईपर्यंत धरतात तशी. बाईंनी स्वतः तिच्या कानात मायक्रोफोन बसवला. “काही करायचं नाही. नुसतं बसायचं.” दार लागलं. ही पडद्यासमोर बसली. गवत हललं, उसळलं, मग हळूहळू खाली बसायला लागलं. आईचा श्वास. आईचा आवंढा. हिने मुठी आवळल्या होत्या. गवत आणखी खाली बसलं, आणखी, आणि मग सपाट झालं. डाव्या कानातही सपाट. बाईंनी पुन्हा घेतलं. सपाट. पटांगणासारखं, कुठे म्हणून काडी नाही. पडद्याच्या उजव्या टोकाला, वरच्या पट्टीत, तर यंत्राने दिलेल्या आवाजांनाही आईच्या कानाकडून उत्तर येत नव्हतं. त्या पट्टीतल्या पेशी त्या तापातच गेल्या असाव्यात, असं बाई हळूच म्हणाल्या. तिने मान वर केली तर काचेतून आई तिच्याकडेच पाहत होती. इतकी वर्षं तिकीटखिडकीच्या काचेमागे बसून माणसांचे ओठ वाचलेली आई. तिला काही सांगावं लागलं नाही.

दार उघडल्यावर आईच आधी बोलली. “नाही ना दिसला? जाऊ दे. मला वाटलंच होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकवत नव्हतं. “तुझा वेळ गेला उगीच.”

“तुमच्या कानातून तो येत नाही एवढंच कळलं,” बाई म्हणाल्या. “तो नाही, असं कुठे कळलं? वरच्या पट्टीतलं काही आता तुमच्या कानातून आत जात नाही. आत मेंदू त्याची वाट बघत बसलाय. बघून बघून त्याने तो सूर स्वतःच धरून ठेवलाय. खरा आहे तो, तुम्ही म्हणता तसा.”

आईने बाईंकडे पाहिलं. पर्सचा पट्टा तिने बोटाला गुंडाळला आणि सोडला.

तेवढ्यात काटा पुढे सरकला. इतका वेळ तो कोपऱ्यात अवघडून उभा होता. “काकू, कसा आहे तो?”

“कसा म्हणजे?”

“म्हणजे… ऐकायला. उंच आहे का? पातळ आहे का?”

आई गोंधळली. आणि तिच्या, लेकीच्या, लक्षात आलं की हा प्रश्न आजपर्यंत कुणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी कधीपासून, असं विचारलं होतं. बाबांनी अजून आहे का, असं. तिनेही कधी विचारलं नव्हतं, कसा आहे. “दुरून कुणी काचेच्या कडेवरून ओलं बोट फिरवतंय तसा,” आई म्हणाली. “पण गोड नाही. कडेने थोडा खरखरीत. डावीकडे जास्त.”

काट्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. मग त्याने आईला पुन्हा आत बसवलं, हेडफोन दिले, आणि बाहेर यंत्राच्या खटक्यावर बोटं ठेवून तो सूर शोधायला लागला. “हा?” “नाही रे, हा जाड आहे.” “आता?” “अजून वर. अजून. आता फार वर गेलास.” माइकमधून येणारा आईचा आवाज बदलत चालला होता. सुरुवातीला संकोचलेला, मग भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा ठाम. “अंहं. हा साफ आहे. माझा एवढा साफ नाही.” काट्याने त्यात सरसर मिसळली. “कमी कर. आणखी कमी. हं, आणि डावीकडे सरकव जरा.” काट्याच्या कपाळावर घाम आला होता, एका सुराला असं कापत, घासत, पुसत आणताना तो स्वतः हेडफोनमध्ये डोळे मिटून बसला होता. आणि मग आत आईचे दोन्ही हात एकदम हेडफोनवर गेले. पर्स मांडीवरून खाली पडली. ती काचेकडे पाहून जोरजोरात मान हलवत राहिली.

काट्याने आपल्या कानावरचे हेडफोन काढले आणि हिच्या हातात दिले.

तिने ते लावले. सुरुवातीला वाटलं, एवढंच? मग तो आत येत गेला. डोळ्यांच्या मागे, दातांच्या मुळांपर्यंत. त्याला टोक नव्हतं, सुरुवात नव्हती, श्वास घ्यायला तो कुठे थांबत नव्हता. तिने ठरवलं होतं की बराच वेळ ऐकायचं. पण लगेच तिचे हात हेडफोन काढायला वर आले, आणि तिने ते बळेच खाली धरून ठेवले. याच्यातूनच आई तिकीटखिडकीवर रोज सुट्टे पैसे परत देत होती. याच्यातून तिने हिच्याकडून कविता पाठ करून घेतल्या, हिच्या तापात रात्र रात्र उशाशी बसली, फोनवर मावशीशी हसली. याच्यातून ऐकलं ते सगळं, हिचा पहिला निकाल, बाबांची चेष्टा, दारावरची बेल. काचेपलीकडे आई बसली होती. हिला वाटलं, आपण आजवर आईला एखाद्या वस्तीच्या बाहेरून पाहत आलो, दिवे दिसत होते, माणसं वावरताना दिसत होती, आणि आज कुणी तरी हात धरून आत आणलं. भीती नव्हती वाटत. देवळात शिरताना पायातलं आपोआप काढलं जावं तसं काही तरी होत होतं. दोघींच्या कानांत एकच सूर होता. आईला ते दिसत होतं. तिने बोट वर करून विचारलं, ऐकतेयस? हिने मान हलवली. हिचे डोळे वाहत होते ते हिला फार उशिरा समजलं.

बाई उठून यंत्रापाशी आल्या. माइकचं बटण दाबून म्हणाल्या, “एक गोष्ट करून पाहायची का? हाच सूर थोडा मोठा करून मिनिटभर लावते आणि एकदम बंद करते. कुणाकुणाचा आतला सूर त्यानंतर थोडा वेळ थांबतो. तुमचा थांबेलच असं नाही. थांबला तरी परत येईल. चालेल?”

“लावा की,” आई म्हणाली.

बाईंनी सूर मोठा केला. आईने डोळे मिटून घेतले, वारा तोंडावर घ्यावा तसे. यंत्रावरचा बारका दिवा चमकत होता. मग बाईंनी बटण बंद केलं.

आतमध्ये काहीच झालं नाही. आई डोळे मिटून तशीच. आणि मग तिच्या चेहऱ्यावरून काही तरी उतरायला लागलं. कपाळावरच्या दोन उभ्या आठ्या, ज्या हिला आईच्या चेहऱ्याचा जन्मजात भाग वाटत आल्या होत्या, हळूहळू सुटल्या. जबडा सैल झाला. ओठ किंचित उघडे. ती एकदम लहान दिसायला लागली. लग्नाआधीच्या फोटोतल्या, हिने कधी न भेटलेल्या मुलीसारखी. तिने डोळे उघडले आणि खोलीभर पाहिलं, भिंतीवरच्या त्या स्पंजाच्या दातांकडे, छताकडे, कोपऱ्यांकडे, जणू या खोलीत ती आत्ता आली होती. तिने एक हात हळूच वर केला. थांबा. कुणी हलू नका. बाहेर तिघं श्वास धरून उभे. पडद्यावर आईच्या कानातलं गवत जमिनीला टेकलं होतं.

“बोल ना काही तरी,” आई म्हणाली. आवाज एवढा हळू की माइकनेही तो जेमतेम उचलला. “तुझा आवाज ऐकू दे.”

हिने बटणावर बोट ठेवलं. या शांततेत टाकायला लायक असं तिच्याजवळ काय होतं? ती वेळ दवडते आहे हेही तिला कळत होतं.

“आई,” ती म्हणाली. तेवढंच.

आईने तो शब्द ऐकला. तिने मान किंचित वाकडी केली आणि तो पूर्ण संपेपर्यंत, त्याच्या मागे राहिलेला श्वाससुद्धा संपेपर्यंत, ती ऐकत राहिली. मग पुन्हा काही नाही. ती बसून होती. हिने घड्याळ पाहिलं नाही. काटा नंतर म्हणाला एक मिनिटही नव्हतं, बाई म्हणाल्या जास्त होतं. केव्हा तरी आईच्या कपाळावर एक आठी उमटली, मग दुसरी, पाण्यावर तरंग परत यावेत तशा, आणि तिने वर केलेला हात खाली घेतला. “आला,” ती म्हणाली.

बाईंनी दार उघडलं. आई खाली वाकून पर्स उचलत होती. काट्याने पुढे होऊन खुर्ची धरली. आई उंबऱ्यावर आली आणि तिघांच्या चेहऱ्यांकडे पाळीपाळीने पाहत राहिली, बाईंकडे, काट्याकडे, लेकीकडे, नव्याने ओळख झाल्यासारखी.

“तुम्हाला सगळ्यांना हे असंच असतं?” तिने विचारलं. “नेहमी?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“अगं बाई!” आई म्हणाली आणि उंबऱ्यातच थांबून राहिली.